रिमोटला ‘प्ले’ माहीत नसतं

एका मित्राची तक्रार: कॉम्प्युटरवर कोडी टाकलं (हे सिनेमे-गाणी लावणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव, शब्दकोडी नव्हेत), इन्फ्रारेड रिसीव्हर लावला, तरी जुन्या डीव्हीडी प्लेअरचा रिमोट काही चालेना. ‘‘बटणावर ‘प्ले’ लिहिलंय की!’’ लिहिलंय खरं, पण ते आपल्यासाठी. आतल्या चिपला गाणं, सिनेमा, आवाज यातलं काही ठाऊक नसतं. अमुक बटण दाबलं की अमुक आकडा पाठवायचा, एवढंच तिला येतं. त्याचा अर्थ लावणं समोरच्याचं काम.

हा आकडा जातो साधारण ९४० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड प्रकाशातून. डोळ्यांना तो दिसत नाही, पण मोबाइलच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना फिकट जांभळा दिसतो. ‘किरण’ म्हटलं की काहींना धडकी भरते. अहो, आपलं शरीरही अहोरात्र इन्फ्रारेड सोडतच असतं! रिमोटच्या किरणांपासून वाचवणारं स्टिकर कुणी विकायला आलं, तर खुशाल दार लावून घ्या.

खरी अडचण वेगळीच. उन्हात इन्फ्रारेड, तापलेल्या दिव्यात इन्फ्रारेड. या गर्दीत रिमोटचा इवलासा एलईडी ओळखायचा कसा? म्हणून तो नुसता पेटत नाही, सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो. रिसीव्हर तेवढीच लुकलुक टिपतो आणि बाकी उजेडाकडे काणाडोळा करतो.

आता माझी लाडकी गोष्ट, एनईसी पद्धत, म्हणजे लुकलुकीतून आकडा पाठवायची एक ठरलेली रीत. सुरुवातीला ९ मिलिसेकंदांची लांब लुकलुक, मग ४.५ मिलिसेकंद शांतता. ही झाली हाळी. पुढे ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ असे ३२ अंक. प्रत्येक बिटाची लुकलुक सारखीच, ०.५६२५ मिलिसेकंदांची, त्यात एलईडी जेमतेम २१ वेळा उघडझाप करतो. मग शून्य आणि एक ओळखायचे कशावरून? तर नंतरच्या अंधारावरून! अंधार लुकलुकीएवढाच असेल तर ०, तिप्पट असेल तर १.

या ३२ बिटांत आधी ८ बिटांचा पत्ता (निरोप कोणत्या उपकरणासाठी ते), मग तोच पत्ता उलटा करून (० चा १, १ चा ०), मग ८ बिटांची आज्ञा, आणि पुन्हा तीच उलटी. मूळ आणि उलटं जुळलं नाही, तर वाटेत काहीतरी बिघडलं. शिवाय प्रत्येक शून्याला जोडीला एक असतोच, त्यामुळे बटण कोणतंही दाबा, हाळीसकट निरोप भरतो बरोबर ६७.५ मिलिसेकंदांचा (‘संपलं’ सांगणारी शेवटची लुकलुक सोडून). बोट दाबूनच ठेवलं तर पूर्ण निरोप पुन्हा जात नाही. दर १०८ मिलिसेकंदांनी ‘तेच, तेच’ एवढीच छोटी खूण जाते. कमी शब्दांत बोलावं तर असं!

फिलिप्सच्या आरसी-५ या दुसऱ्या पद्धतीत चाल निराळी. तिथे एक बिट दर नव्या दाबागणिक पालटतो, म्हणजे एकदा दाबून धरलं की दोनदा दाबलं ते कळतं. कच्चे संकेत वाचणाऱ्याला मात्र एकाच बटणाचे आलटून पालटून दोन आकडे दिसतात, आणि तो रिमोटला नावं ठेवतो.

मित्राचं काम यापेक्षा सोपं होतं. त्याच्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर आयआर-कीटेबल नावाचं साधन चाचणीसाठी चालवायचं, एकेक बटण दाबायचं, पडद्यावर उमटणारा आकडा टिपायचा. मग एका साध्या मजकूर-फाइलीत पद्धतीचं नाव (एनईसी, आरसी-५ वगैरे) आणि आकड्यासमोर कीबोर्डच्या कळीचं नाव लिहायचं. तो तक्ता चढवला की कॉम्प्युटरच्या लेखी रिमोट म्हणजे एक छोटा कीबोर्ड. कोणत्या कळीला काय करायचं, याचा कोडीचा आणखी एक तक्ता असतो. तोही बदलता येतो.

तरीही त्याचं ‘ओके’ बटण ढिम्म. लिनक्समध्ये ‘ओके’ कळीचा क्रमांक ३५२, आणि एक्स विंडो या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेत कळ-क्रमांकाला जागा ८ बिटांची, म्हणजे २५५ पर्यंतच. ३५२ तिथे पोचतच नाही. तक्त्यात ‘ओके’ऐवजी ‘एंटर’ (क्रमांक २८) लिहिलं आणि काम झालं.

आता तो एसीच्या रिमोटमागे लागलाय. तिथे मात्र पंचाईत आहे. एसीचा रिमोट सहसा दर वेळी तापमान, पंख्याचा वेग, मोड असं सगळंच एकदम पाठवतो. २४ वरून २५ केलं तर एक आकडा, २५ वरून २६ केलं तर दुसराच. ‘वाढव’ बटणाला स्वतःचा ठरलेला आकडाच नाही, तर तक्त्यात लिहिणार काय?