घटिकापात्राचा काळ

शेतकऱ्याला वेळ मोजायची गरज क्वचितच पडे. दिवस कासराभर वर आला, सावली पायाशी आली, तिन्हीसांजा झाल्या, एवढ्यावर त्याचं भागायचं. रात्री तिकांडं, म्हणजे मृगातल्या तीन ताऱ्यांची ओळ, कुठवर कललं ते बघून तो मोट धरायला उठे. पण लग्नाचा मुहूर्त किंवा जन्माची वेळ अशी ढोबळ चालत नसे. तिथे जोशीबुवांचं घटिकापात्र लागायचं.

बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. पाणी भोकातून आत चढतं आणि वाटी बुडते, तेवढी एक घटिका, म्हणजे आजची 24 मिनिटं. ती लगेच उपसून पुन्हा सोडायची. दिवसरात्र मिळून अशा 60 घटिका आणि एका घटिकेची 60 पळं. पाणी स्वच्छच हवं, कारण गाळाने भोक बुजलं की घटिका लांबायची. ‘सूर्यसिद्धांत’ या जुन्या ज्योतिषग्रंथातही निर्मळ पाण्याचाच उल्लेख आहे.

जुन्या ग्रंथांत या वाटीच्या तांब्याचं वजन, उंची, इतकंच काय, भोक पाडायच्या सोन्याच्या सुईचंही माप दिलेलं सापडतं. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’त ही सगळी कटकट मोडीत काढली. वाटी कशीही घडवा, सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत ती किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने दिवसरात्रीला भागा. प्रत्येक वाटीचं स्वतःचं माप निघतं. सोनाराच्या कौशल्यावरचा भार त्यांनी गणितावर घेतला, आणि मला या साऱ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत थोर वाटते. त्यांची मुलगी लीलावती हिच्या लग्नात मोती पडून घटिकापात्राचं भोक बुजल्याची गोष्ट मात्र अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने 1587 मध्ये केलेल्या ‘लीलावती’ या त्यांच्या गणितग्रंथाच्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत येते, म्हणजे आचार्यांनंतर चार शतकांनी.

शहरांत घटिका झाली की घड्याळजी जाड पितळी थाळीवर टोला देत. बाबराने आपल्या आठवणींत ही पद्धत नोंदवली आहे. रात्री जागं झालेल्या माणसाला घटिकांचे टोल ऐकू येत, पण प्रहर कितवा ते कळत नसे. म्हणून घटिकेनंतर थोडं थांबून प्रहराचेही टोल द्यावेत, असा हुकूम त्याने काढला.

ही गणना स्थानिक सूर्योदयापासून सुरू होई, त्यामुळे प्रत्येक गावाची वेळ त्याची स्वतःची होती. रेल्वे आणि तार आल्यावर ते चालेना. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईत मात्र तिच्याहून 39 मिनिटं मागे असलेली ‘मुंबई टाइम’ अनेक ठिकाणी 1955 पर्यंत टिकून होती. लग्नमंडपातलं घंगाळही मनगटी घड्याळं सर्रास झाल्यावरच हळूहळू गेलं. घटी आणि पळं पंचांगांत आजही छापली जातात.