एक फाईल, दोन पत्ते : डेबियनच्या स्थलांतराची पार्श्वभूमी

अमळनेरच्या आमच्या लॅबमधली यंत्रं डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ११ व्या आवृत्तीवरून १२ व्या आवृत्तीवर नेली, तेव्हा 'युएसआरमर्ज' नावाच्या पॅकेजनं (म्हणजे प्रोग्रामच्या तयार गठ्ठ्यानं) प्रोग्राम ठेवायच्या '/बिन' या फोल्डरमधलं सगळं '/युएसआर/बिन'मध्ये हलवलं. चहा येईपर्यंत काम आटोपलं. पोरं म्हणाली, "सर, एवढ्यासाठी डेबियनवाले इतकी वर्षं भांडले?"

मुळात ही विभागणी अडचणीतून आली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पीडीपी-११ या संगणकावर युनिक्स, म्हणजे लिनक्सनं जिचा कित्ता गिरवला ती प्रणाली, घडत असताना पहिली डिस्क भरली आणि काही प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवरच्या 'युएसआर'मध्ये गेले. डिस्क मोठ्या झाल्या तरी दोन घरं राहिलीच. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीनं २०१२ मध्ये ती एक केली आणि जुन्या जागी फक्त सिमलिंक, म्हणजे नव्या जागेकडे बोट दाखवणारी पाटी, ठेवली.

डेबियनचं तसं नाही. १९९३ पासून ते स्वयंसेवक चालवतात. प्रत्येक पॅकेजला आपला राखणदार, आणि त्याला हुकूम सोडणारा साहेब कुणी नाही. २०१९ च्या १० व्या आवृत्तीपासून नव्या यंत्रांवर एकत्र मांडणी आली, जुनी यंत्रं होती तशीच राहिली. शेवटी २०२१ मध्ये डेबियनमधले तांत्रिक वाद मिटवणाऱ्या तांत्रिक समितीनं ठरवलं, की १२ व्या आवृत्तीपासून एकच मांडणी.

खरी गोम डीपीकेजीत, म्हणजे डेबियनवर पॅकेजं बसवणाऱ्या आणि त्यांच्या फायलींची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, होती. आजोबांच्या खरेदीखतावर 'जिल्हा पूर्व खान्देश' असतं. ते म्हणजेच जळगाव, हे तलाठ्याला सांगावं लागत नाही. डीपीकेजीच्या वहीत मात्र '/बिन/क' आणि '/युएसआर/बिन/क' या दोन वेगळ्या फायली! समजा, ही फाईल एका पॅकेजमधून काढून दुसऱ्यात नव्या पत्त्यावर टाकली. दुसरं पॅकेज आधी बसलं, मग पहिल्याची नवी आवृत्ती आली. डीपीकेजी जुन्या पत्त्यावरची फाईल पुसायला जातं आणि सिमलिंकवरून नेमकी नवीच पुसतं, तीही मुकाट्यानं. डीपीकेजी सांभाळणाऱ्यांना सिमलिंकचा हा मार्गच मान्य नव्हता, आणि माझ्या मते त्यांची तक्रार रास्त होती.

म्हणून १२ वी आवृत्ती २०२३ च्या जूनमध्ये निघेपर्यंत तरी राखणदारांना अशी हलवाहलव करायला मनाई होती. पुढे डीपीकेजीला शिकवत बसण्याऐवजी पॅकेजांमधलेच पत्ते बदलत नेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपर्यंत ते काम चाललं. सिमलिंक काढलेल्या नाहीत. असंख्य स्क्रिप्टांची पहिली ओळ आजही '/बिन/एसएच' हा जुना पत्ताच सांगते.