मत्स्यतेल व इतर पूरक आहार : भारोत्तोलकांसाठी निवड आणि पारख

भारोत्तोलक, पॉवरलिफ्टर आणि व्यायामशाळेत हौसेने वजने उचलणारे लोक रोजच्या जेवणाला जोड म्हणून जी भुकटी, तेल किंवा कॅप्सूल घेतात, त्यांना पूरक आहार म्हणतात. बोलण्यात सरसकट ‘सप्लिमेंट’. तालमीत याच गरजेला ‘खुराक’ हा जुना शब्द आहे : दूध, तूप, बदाम, थंडाई. नाशिकमध्ये आज दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात. जिल्ह्यातले मनमाड हे भारोत्तोलनाचे नावाजलेले गाव. तिथल्या आकांक्षा व्यवहारे हिने 2022 मध्ये मेक्सिकोतील लिऑन येथे झालेल्या जागतिक युवा स्पर्धेत 40 किलो गटात रौप्यपदक मिळवले. अशा गावांतल्या मुलामुलींच्या पालकांना पहिला प्रश्न पडतो तो सप्लिमेंटच्या डब्याचाच : कोणता घ्यायचा, आणि मुळात घ्यायचा का? खुराक घरी डोळ्यांदेखत तयार होतो. बंद डब्यात काय आहे, हे लेबल सांगेल तेवढेच कळते.

मत्स्यतेल. तेलकट समुद्री माशांपासून काढलेल्या या तेलाचे मोल ईपीए आणि डीएचए या दोन ओमेगा-3 मेदाम्लांत आहे. बाटलीच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत ‘1000 मिग्रॅ.’ असते, ते सगळ्या तेलाचे वजन. बाटली फिरवून मागचा तक्ता वाचला, की साध्या तेलात बहुधा 180 मिग्रॅ. ईपीए आणि 120 मिग्रॅ. डीएचए, म्हणजे एकूण 300 मिग्रॅ. निघतात. उरलेले 700 मिग्रॅ. इतर मेद. खरेदी करताना हिशेब या बेरजेवर करावा. समजा, एका बाटलीत अशा 60 कॅप्सूल 500 रुपयांना आहेत : 18 ग्रॅम ओमेगा-3, ग्रॅमला साधारण 28 रुपये. दुसरी 900 रुपयांची, 60 कॅप्सूलचीच, पण प्रत्येकीत 600 मिग्रॅ. : 36 ग्रॅम, ग्रॅमला 25 रुपये. महाग दिसणारी बाटली इथे स्वस्त पडते. तक्ता एका कॅप्सूलचा आहे की दोनांचा, हेही पाहावे. अनेकांचा हिशेब तिथेच चुकतो.

दुसरी कसोटी ताजेपणाची. ओमेगा-3 हवा, उजेड आणि उष्णता लागली की लवकर बिघडते. तेल किती खवट झाले हे मोजणारे ओमेगा-3 उत्पादकांच्या जागतिक संघटनेचे ऐच्छिक निकष असे : पेरॉक्साइड मूल्य 5 पर्यंत, ॲनिसिडीन मूल्य 20 पर्यंत आणि दोन्हींवरून काढलेले ‘टोटॉक्स’ 26 पर्यंत. चांगले उत्पादक बॅचनिहाय चाचणी अहवाल देतात. मागितल्यावरही तो न देणाऱ्यांकडून तेल घेऊ नये, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. घरची पारख सोपी आहे. कॅप्सूल कात्रीने कापून थेंब बशीत पिळावा आणि हुंगावा. ताज्या तेलाला समुद्राचा सौम्य वास असतो. पावसाळ्यात उघडे राहिलेले शेंगदाणे जसे खवट होतात तसा वास आला, तर बाटली टाकून द्यावी. लिंबाचा स्वाद घातलेल्या तेलात मात्र खवटपणा झाकला जातो. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे बाटली गाडीच्या डिकीत ठेवून व्यायामशाळेत जाणे टाळावे.

तेल ‘इथाइल एस्टर’ रूपातले (रासायनिक प्रक्रिया करून बदललेले) असेल, तर रिकाम्या पोटी ते कमी शोषले जाते. वरण-भातावर तुपाची धार असलेल्या जेवणाबरोबर घ्यावे. कॉड माशाच्या यकृताचे तेल ही वेगळी वस्तू आहे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे भरपूर असल्याने मात्रा वाढवून चालत नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आणि हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मत्स्यतेल घेऊ नये.

लाभ किती? व्यायामानंतरचे अंग दुखणे काहींना थोडे कमी जाणवते, पण अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. नीट जेवणाऱ्या तरुण खेळाडूचे स्नायू केवळ या तेलाने वाढतात, असे म्हणायला भक्कम आधार नाही. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली ताटात येत असेल, तर बाटलीची निकड उरत नाही. नाशिकला समुद्र नाही, पण कसारा घाट चढून मुंबईची मासळी इथे येते. शाकाहारी घरांत जवसाची चटणी असते. जवसातले ओमेगा-3 वेगळ्या प्रकारचे आहे आणि शरीरात त्याचे ईपीए-डीएचएमध्ये रूपांतर फार थोडे होते. त्यांच्यासाठी शैवालापासून काढलेले तेल हा खरा पर्याय. मत्स्यतेलावर तपकिरी त्रिकोण असतो, शैवालतेल घेताना हिरवा ठिपका पाहून घ्यावा.

प्रथिनांची भुकटी. दुधाच्या निवळीपासून बनणारी व्हे ही सर्वाधिक खपणारी भुकटी. ‘कॉन्सन्ट्रेट’मध्ये साधारण 70 ते 80 टक्के प्रथिने असतात, ‘आयसोलेट’मध्ये 90 टक्क्यांच्या आसपास. वजन उचलणाऱ्याला दिवसाला शरीराच्या दर किलोमागे सुमारे 1.4 ते 2 ग्रॅम प्रथिने पुरतात. 70 किलोच्या माणसाला ती 98 ते 140 ग्रॅम होतात. यातला बराच भाग दूध, दही, अंडी, डाळी आणि मिसळीतली मटकी यांतून भरतो. राहिलेली तूट भुकटीने भरावी. भेसळीचा नेहमीचा मार्ग म्हणजे ग्लायसीन, टॉरीन यांसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळणे. नायट्रोजन मोजणाऱ्या चाचणीत तीही प्रथिने म्हणूनच मोजली जातात. 2024 मध्ये भारतातल्या 36 लोकप्रिय प्रथिन भुकट्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे 70 टक्क्यांच्या लेबलवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत प्रथिन भुकट्या टाळण्याचा सल्ला दिला. ‘मास गेनर’च्या डब्यात बहुतांश माल्टोडेक्स्ट्रीन (स्टार्चपासून बनवलेली भुकटी) आणि साखर असते. तेवढे पैसे केळी आणि दुधावर घालवलेले बरे.

क्रिएटिन. ताकद वाढवण्याबाबत सर्वांत भक्कम पुरावा या पदार्थाच्या बाजूने आहे, आणि तो स्वस्तही आहे. साधे क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज 3 ते 5 ग्रॅम पुरते. त्यापेक्षा महाग, भारी नावांचे प्रकार घेण्याचे कारण नाही. क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तात क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी मोजला जाणारा घटक) थोडे जास्त दिसू शकते. मूत्रपिंड बिघडल्याचा निष्कर्ष लगेच काढू नये, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना तसे सांगावे. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहेच, त्यांनी ते घेऊ नये.

प्रथिने पुरेशी असतील तर बीसीएए (ठरावीक तीन अमिनो आम्लांची भुकटी) निरुपयोगी. ‘फॅट बर्नर’ आणि ‘टेस्टोस्टेरॉन बूस्टर’ यांपासून लांब राहावे.

लेबल आणि कायदा. असे पदार्थ अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 खाली येतात. लेबलवर 14 अंकी परवाना क्रमांक हवा. तो एफएसएसएआयच्या (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर तपासता येतो. परदेशी मालावर आयातदाराचे नाव-पत्ता हवा. रिकाम्या डब्यांत बनावट माल भरून विकला जातो, म्हणून डबा भंगारात देण्यापूर्वी लेबल फाडून टाकावे. शंका आल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयाकडे तक्रार करता येते.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी एक गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. उत्तेजक चाचणीत नमुना दोषी आला, तर ‘लेबलवर लिहिलेले नव्हते’ या सबबीने सुटका होत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’सारख्या तटस्थ चाचणीची खूण असलेला मालच घ्यावा. बॅच क्रमांकाचा फोटो आणि खरेदीची पावती जपावी, आणि डबा संपत आला की तळाशी थोडी भुकटी उत्तेजक चाचणीचा निकाल येईपर्यंत राहू द्यावी.