पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, सागरी माशांतील

समुद्राच्या पाण्यात पाळलेल्या अस्थिमत्स्यांना क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय, पक्ष्माभिकायुक्त (अंगावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या) परजीवीमुळे होणारा रोग. याला क्रिप्टोकॅरिऑनता असेही म्हणतात. मत्स्यालये, बीजकेंद्रांतील टाक्या आणि समुद्रातील पिंजरे या तिन्ही ठिकाणी तो आढळतो. कोळंबीचा ‘पांढरे ठिपके’ रोग विषाणूजन्य असून त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आपल्याकडे किनाऱ्यावर ‘व्हाइट स्पॉट’ म्हटले की बहुधा तोच अभिप्रेत असतो, म्हणून हा खुलासा.

नाव व वर्गीकरण : या परजीवीचे पहिले वर्णन जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ च्या सुमारास केले, असे सामान्यतः मानले जाते. त्यांनी तो गोड्या पाण्यातील ठिपके रोगाच्या परजीवीचा, म्हणजे इक्थिऑफ्थिरियसचा, जवळचा नातलग समजला. ब्राउन यांनी १९५१ मध्ये क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव दिले, तेही एका त्रोटक टिपणात. ग्रीक ‘क्रिप्टोस’ (लपलेले) व ‘कॅरिऑन’ (केंद्रक) यांवरून प्रजातीचे नाव आले. पेशीद्रव्य इतके अपारदर्शक असते की केंद्रक सहसा दिसतच नाही. पुढे १९६१ मध्ये सिकामा यांनी त्याच जीवाला इक्थिऑफ्थिरियस मरिनस म्हटले. न्यूयॉर्क मत्स्यालयातील साथींचा अभ्यास करून निग्रेली व रुजिएरी यांनी १९६६ मध्ये दोन्ही नावे एकाच जीवाची ठरविली. अग्रक्रमाच्या नियमाने ब्राउन यांचे नाव टिकले.

नावाचा प्रश्न मिटला, तरी नात्याचा मिटला नाही. दोन्ही परजीवींचे जीवनचक्र जवळजवळ सारखे असल्याने बरीच वर्षे ते एकाच कुलात ठेवले जात. १९९० नंतर झालेल्या रायबोसोमी जनुकांच्या तुलनेत मात्र ते एकमेकांपासून दूरचे निघाले. राइट व कोलोर्नी यांनी २००२ मध्ये क्रिप्टोकॅरिऑनची जागा प्रोस्टोमॅटिया वर्गात, कोलेप्ससारख्या मुक्तजीवी पक्ष्माभिकींजवळ, असल्याचे मांडले. आज हेच मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असेल तर जीवनचक्रातील साम्य वारशाने आलेले नसून माशाच्या कातडीखाली राहण्याच्या एकाच गरजेतून दोघांत स्वतंत्रपणे उपजले, असे म्हणावे लागते. व्यवहारातही याला महत्त्व आहे : गोड्या पाण्यातील रोगावरचा उपाय इथे जसाच्या तसा लागू पडेल, असे धरून चालता येत नाही.

जीवनचक्र : परजीवीची पोषी अवस्था (ट्रोफाँट) कल्ल्यांच्या व त्वचेच्या बाह्यस्तराखाली ३ ते ७ दिवस पेशी खात, सतत गोल फिरत राहते. बाहेरून दिसणारा रव्याच्या कणाएवढा ठिपका तो हाच. वाढ झाल्यावर ती मासा सोडते व काही तास तळावर सरपटून पुटी (टोमाँट; आवरणात बंद झालेली अवस्था) बनते. पुटीत विभाजन होऊन दोनशे किंवा त्याहून अधिक थेराँट (पोहत जाऊन माशाला संसर्ग करणारी अवस्था) तयार होतात. याला साधारण ३ ते २८ दिवस लागतात. क्वचित दोन महिन्यांहून अधिक काळ लागल्याचीही नोंद आहे. थेराँट एक-दोन दिवस जगतात, पण त्यांची संसर्गक्षमता काही तासांतच झपाट्याने उतरते. मासा सोडणे आणि पुटी फुटणे या दोन्ही क्रिया मुख्यतः रात्री व पहाटे होतात. त्या वेळी मासे तळाजवळ निपचित असतात, हे परजीवीच्या पथ्यावर पडते.

निदान : मासे टाकीच्या कडेला अंग घासतात, खाणे सोडतात, श्वास जलद होतो. ठिपके दिसण्यापूर्वीच कल्ले बाधित झालेले असू शकतात. म्हणून कल्ल्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. गडद, संथपणे फिरणारा गोळा दिसला की शंका उरत नाही. केंद्रक दिसलेच तर ते चार मण्यांचे असते, गोड्या पाण्यातील परजीवीप्रमाणे नालाकृती नसते. पिवळसर धुळीसारखा थर असल्यास अॅमिलोउडिनियम या दुसऱ्या परजीवीचा संशय घ्यावा.

नियंत्रण : माशावरचा परजीवी त्वचेने झाकलेला आणि तळावरचा पुटीने. औषधाच्या तडाख्यात सापडतात ते मुख्यतः पोहणारे थेराँट. त्यामुळे एकदाच औषध टाकून टाकी साफ झाली असे समजणे ही नेहमीची चूक होय. मोरचुदाच्या द्रावणाने मुक्त तांबे प्रतिलिटर ०.१५ ते ०.२० मिग्रॅ. राखून उपचार १० दिवस किंवा अधिक चालवितात. मात्रा कमी पडली तर उपयोग नाही, वाढली तर मासाच मरतो. शिवाय समुद्राच्या पाण्यात तांबे कार्बोनेटांबरोबर साक्यात जाते (न विरघळणारा गाळ बनते), म्हणून त्याचे प्रमाण रोज मोजावे लागते. फॉर्मॅलीनही वापरतात, पण त्याने पाण्यातील ऑक्सिजन घटतो व ते हाताळणाऱ्यालाही घातक आहे.

यांपेक्षा चक्र तोडण्याचे उपाय अधिक भरवशाचे ठरतात. एक म्हणजे मासे दर ३ दिवसांनी, चार वेळा, स्वच्छ व सुकविलेल्या टाकीत हलविणे. म्हणजे गळून पडलेल्या पुट्या फुटण्याआधीच मागे राहतात. दुसरा लवणता उतरविण्याचा. कोलोर्नी यांनी १९८५ मध्ये पाळीव गिल्टहेड ब्रीम माशांवर दर ३ दिवसांनी, चार वेळा, पाणी ३ तास दर हजारी १० भाग लवणतेवर ठेवून रोग आटोक्यात आणला. तथापि कमी लवणतेत तग धरणारे प्रकार तैवानमधून नोंदले गेल्याने हा उपाय सर्वत्र लागू पडेल असे नाही.

समुद्रातील पिंजऱ्यांत यांतील फारसे काही करता येत नाही. पिंजरे खोल व वाहत्या पाण्यावर हलविणे, गर्दी कमी ठेवणे, जाळी वेळेवर बदलणे एवढेच हाती उरते. जपानमधील शरद ऋतूतल्या साथींबाबत योशिनागा यांचे प्रयोग (२००१) उद्बोधक आहेत : कमी ऑक्सिजनात पुटीची वाढ थांबते व ऑक्सिजन मिळताच पुन्हा सुरू होते. उन्हाळ्यात तळाशी थबकलेल्या पुट्या पाण्याचे थर उलटल्यावर एकदम फुटत असाव्यात, असा तर्क त्यावरून केला जातो.

रोगातून वाचलेल्या माशांना काही महिने प्रतिकारशक्ती राहते. लशीचे प्रयत्न त्यावरच आधारलेले आहेत. परंतु परजीवीच्या पृष्ठ-प्रतिजनांचे (ज्यांवरून माशाचे शरीर त्याला ओळखते त्या पृष्ठभागावरील पदार्थांचे) प्रकार वेगवेगळे असल्याने एका प्रकाराविरुद्धचे संरक्षण दुसऱ्याला पुरतेच असे नाही.

भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या प्रयत्नांतून कोबिया (गोव्यात मोडसो) व सिल्व्हर पाँपानो यांचे बीजोत्पादन २०१० च्या आसपास साधले. अशा केंद्रांत प्रजनक मासे दीर्घकाळ पूर्ण खाऱ्या पाण्यात ठेवावे लागत असल्याने धोका मुख्यतः तिथे असतो. नव्या माशांना किमान तीन-चार आठवडे वेगळे ठेवणे इष्ट. रायगडातील जिताडा (गोव्यात चणक) गोड्या किंवा निमखाऱ्या तळ्यांत वाढविला जातो, तिथे हा परजीवी सहसा टिकत नाही.