बर्फ धरला म्हणजे गॅस गेला?

मे महिना लागला की फोनवर एकच वाक्य: "एसीच्या इनडोअरला बर्फ धरलाय, गॅस भरायला या." रोग गिऱ्हाइकानंच ठरवून टाकलेला, मी फक्त सिलिंडर घेऊन जायचं. वीस वर्षं एसी दुरुस्तीचं काम करतोय आणि अजून ऐकतोय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

गॅस कमी होणं सगळ्यांना पाठ आहे, त्यावर वेळ घालवत नाही. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे: नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटपाशी नाहीतर कॉइलला, म्हणजे गॅसच्या नळ्यांच्या जाळीला, बारीक छिद्र. "दर दोन वर्षांनी गॅस टाकावाच लागतो" म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका.

दुसऱ्या दुखण्याकडे मात्र कुणी बघतच नाही, ते म्हणजे इनडोअरच्या ब्लोअरचा वारा पडणं. "पंखा फिरतोय की!" हे उत्तर ठरलेलं. फिरतोय, पण वारा देतोय का? ब्लोअर म्हणजे लांबट पिंजरा, त्याला शेकडो बारीक पाती. त्या पात्यांच्या खोलगट भागात धूळ बसली की पंखा त्याच वेगानं फिरतो आणि वारा मात्र निम्म्यावर येतो. डोंबिवलीतल्या एका घरी किचन हॉललाच उघडं होतं. फिल्टर दर पंधरवड्याला धुतलेला, चकाचक. झडप उघडून टॉर्च मारला तर पात्यांवर काळा, चिकट लगदा: फोडणीचं तेल, उदबत्तीचा धूर आणि धूळ. ब्लोअर धुतल्यावर बादलीतलं पाणी गटारासारखं झालं. गॅसला हातही लावला नाही.

आता खरी गोम. बर्फ दोन्हीकडे धरतो. गॅस कमी असेल तर दाब पडतो आणि कॉइलचा सुरुवातीचा भाग शून्याखाली जातो. वारा कमी असेल तर खोलीतली उष्णता कॉइलपर्यंत पोहोचत नाही, कॉइलमधला द्रवरूप गॅस पुरता उकळत नाही, त्यामुळेही दाब पडतो आणि कॉइल शून्याखाली जातं. म्हणजे दाब मोजायचं गेज लावलं तरी काटा दोन्ही वेळा खालीच. आर-३२ या गॅसमध्ये गेजवरचा दाब साधारण १०३ पीएसआयच्या खाली गेलात की कॉइल गोठणबिंदूखाली, कारण कुठलंही असो. नुसता काटा बघून गॅस सोडणारा मेकॅनिक इथेच फसतो. वारा कमी असताना त्यानं गॅस वाढवला, काटा वर आला, पैसे घेऊन गेला. पुढे कुणीतरी ब्लोअर साफ करतं, वारा पूर्ववत होतो आणि आता गॅस जादा! गॅस दाबणारा कॉम्प्रेसर धापा टाकतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "सर्व्हिसिंगनंतरच बिघडलं."

फरक हाताला कळतो, पण आधी बर्फ पूर्ण वितळू द्या. कूलिंग बंद, नुसता फॅन मोड, दोनेक तास. बर्फ असताना केलेली कुठलीही तपासणी फुकट, कारण बर्फ स्वतःच वारा अडवतो. मग फिल्टर धुऊन, कूल मोडवर, पंखा हाय करून पंधरा मिनिटं चालवा. ड्राय मोडमध्ये पंखा मुद्दामच हळू चालतो, तेव्हा तिथे तपासू नका.

एसीच्या तोंडाशी हात धरा. वारा भरपूर पण कोमट, तर संशय गॅसवर. वारा बोटभर पण झोंबणारा गार, तर दोष वाऱ्याचा. थर्मामीटर असेल तर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत ८ ते १२ अंशांचा फरक साधारण ठीक. मग आउटडोअरपाशी, पण हात सुरक्षित पोहोचत असेल तरच. खिडकीबाहेर लोंबकळू नका. गॅस कमी असेल तर बारीक नळीवर पांढरं हिम आणि जाड नळी कोमट, कोरडी. वारा कमी असेल तर जाड नळीही गारठलेली, कधी तिच्यावरही बर्फ. पुढचं पॅनल काढून बघाल तर गॅसच्या केसमध्ये कॉइलचा एकच पट्टा पांढरा, बाकी कोरडा, आणि वाऱ्याच्या केसमध्ये बर्फाची चादर सगळीकडे सारखी.

काही मशीनमध्ये कॉइलचा सेन्सर कॉम्प्रेसर आधीच बंद करतो. तिथे बर्फ दिसतच नाही. आउटडोअर मधूनमधून बंद पडतं एवढंच.

ब्लोअर स्वच्छ असून मंद असेल तर मोटरचा प्रश्न. हे थोडक्यात. मेन स्विच बंद करून ब्लोअर बोटानं फिरवा: जड लागला तर दांड्याचा बुश गेला. मोकळा फिरतो, पण चालू केल्यावर नुसता गुणगुणतो, तर जुन्या एसीत मोटर चालवायला लागणारा कपॅसिटर गेला. जोरात फिरून लगेच थांबतो आणि एरर येते, तर वेग सांगणारा सेन्सर बघा. इन्व्हर्टर एसीत बहुतेक डीसी मोटर असते, तिला वेगळा कपॅसिटर नसतो. तिथे "ब्लोअरचा कपॅसिटर बदलला" असं बिल आलं तर जुना सुटा भाग दाखवायला सांगा. आणि इन्व्हर्टर एसीच्या पीसीबीला (सर्किट बोर्डाला) घरी हात लावू नका, वीज बंद केल्यावरही त्यात काही वेळ ३०० व्होल्ट साठलेले असतात.

गॅस खरोखर गेलाच असेल तर आधी गळती काढा, मग व्हॅक्यूम (नळ्यांतली हवा काढणं), मग आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमनुसार वजन करून भरा. वजनकाटा न आणता आलेल्याला मी जिन्यातूनच परत पाठवतो.