सीटीसी आणि हातात येणारा पगार : तुलनेतल्या गोंधळाची पार्श्वभूमी

हिंजवडीत किंवा ऐरोलीत नोकरी बदलू पाहणाऱ्यांच्या गप्पांत दोन मोठ्या कंपन्यांची तुलना बहुधा एकाच आकड्यावर येऊन थांबते आणि तो आकडा असतो सीटीसीचा, म्हणजे ‘कॉस्ट टु कंपनी’चा. प्रत्यक्षात हा आकडा पगाराचा नव्हे. तो कंपनीला त्या माणसापायी येणाऱ्या खर्चाचा आहे. ऑफर लेटरमध्ये मात्र तो पगाराच्याच जागी छापलेला असतो.

मुंबईच्या गिरण्यांच्या काळात मूळ वेतन आणि महागाई भत्ता एवढे कळले की कामगाराची कमाई कळत असे. भविष्य निर्वाह निधीचा (पीएफचा) 1952 चा कायदाही याच दोन घटकांवर उभा राहिला, आणि घरभाडे भत्ता, बोनस, कमिशन यांसारख्या रकमा त्याने हिशेबाबाहेर ठेवल्या. मूळ वेतन आखडते ठेवायचे आणि उरलेली रक्कम भत्त्यांत घालायची, ही मालकांची सवय या फटीतून पडली. 1991 नंतर माहिती-तंत्रज्ञान कंपन्या वाढल्या, तशी या सवयीवर सीटीसी नावाची झूल चढली. ‘स्पेशल अलाउन्स’ हा नेमक्या कोणत्याच कारणासाठी न दिला जाणारा भत्ता कित्येकांच्या वेतनचिठ्ठीत सर्वांत मोठ्या ओळींपैकी एक झाला.

खरा वाद आहे तो कायद्याने मालकावर टाकलेला बोजा कर्मचाऱ्याच्या पॅकेजमध्ये मोजण्याचा. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम; 1972 च्या कायद्याने ती प्रत्येक वर्षाच्या सेवेसाठी शेवटच्या मूळ वेतनाच्या हिशेबाने पंधरा दिवसांची ठरवून दिली. महिना 26 दिवसांचा धरल्यामुळे ती वार्षिक मूळ वेतनाच्या 4.81 टक्के भरते. पण त्यासाठी कायम नोकरीतल्याला पाच वर्षांची सलग सेवा लागते. दोन-अडीच वर्षांत कंपनी बदलणाऱ्याच्या सीटीसीत ही रक्कम दरवर्षी दिसते आणि त्याच्या हाती कधीच पडत नाही. हा खर्च अपेक्षित असल्याने तो दाखवणे योग्यच, असे कंपन्यांचे म्हणणे असते. हिशेबनीसाच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. अडचण एवढीच की ऑफर लेटर वाचणारा हिशेबनीस नसतो.

2025 मध्ये नियम बदलण्यापूर्वीचे एक उदाहरण घेऊ. दोन्ही कंपन्यांचे पॅकेज 12 लाखांचे आहे आणि त्यात बदलता हिस्सा नाही. पहिलीत बेसिक (मूळ वेतन) निम्मे, म्हणजे महिना 50 हजार, आणि पूर्ण बेसिकवर 12 टक्के पीएफ. दुसरीत बेसिक 35 हजार, आणि पीएफ मात्र 15 हजारांच्या कायदेशीर मर्यादेवर, म्हणजे 1,800 रुपये. पहिलीत कंपनीचा आणि स्वतःचा हिस्सा धरून वर्षाला 1,44,000 रुपये निधीत जातात, तर दुसरीत 43,200. ग्रॅच्युइटीतला फरक धरला, तर दुसऱ्या कंपनीत कर कापण्यापूर्वी महिन्याला सुमारे 9 हजार रुपये जास्त हाती येतात. ‘तिकडे पगार जास्त आहे’ असे जे ऐकू येते, त्यामागे अनेकदा एवढेच असते. निवृत्तीच्या बाजूने पाहिले, तर पहिली कंपनी उजवी ठरते.

फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट सर्वांना दिले जाणारे भत्ते पीएफसाठी मूळ वेतनच मानले. मात्र ज्यांचे बेसिकच 15 हजारांच्या वर आहे आणि ज्यांचा पीएफ मर्यादेवर कापला जातो, त्यांच्या चिठ्ठीत त्याने फरक पडला नाही. मोठ्या आयटी कंपन्यांतले बरेचसे लोक याच गटातले. त्याच वर्षी झालेल्या वेतन संहितेने अधिक मुळावर घाव घातला : वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या 50 टक्क्यांहून अधिक असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. ही संहिता सहा वर्षे कागदावर राहिली आणि 21 नोव्हेंबर 2025 रोजी उरलेल्या तीन श्रम संहितांसह लागू झाली. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यांना आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर मोजली जात असल्याने व्याख्या रुंदावताच मागच्या सर्व वर्षांचे देणेही वाढते. डिसेंबर 2025 च्या तिमाहीत काही मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी एकरकमी तरतूद केली. हातात येणारा पगार घटेल, या ओरडीवर सरकारने खुलासा केला की पीएफ कायदेशीर मर्यादेवर कापला जात असेल तर तसे होणार नाही. खुलासा खरा आहे, पण पूर्ण बेसिकवर पीएफ भरणाऱ्या कंपनीतल्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

सुविधांच्या यादीबद्दल थोडक्यात. 26 आठवड्यांची प्रसूती रजा आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर, हे 2017 च्या दुरुस्तीपासून कायद्याचे बंधन आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात ते औदार्य म्हणून मिरवले जात असेल, तर तुलनेत त्याला गुण देण्याचे कारण नाही. घरभाडे आणि प्रवास भत्त्यांवरील करसवलतींचे महत्त्वही 2023-24 पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होणारा पर्याय झाल्यावर ओसरले आहे.

कामाच्या तासांची बाजू आकड्यांत कमी येते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती, पण व्यवस्थापकीय व पर्यवेक्षी पदे त्यातून वगळलेली होती. आणि आयटीत ‘लीड’ हे पर्यवेक्षी पद लवकर मिळते. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांसाठी दिवसाची मर्यादा दहा तास आणि तिमाही ओव्हरटाइम 125 वरून 144 तास करण्यास मंजुरी दिली. त्याआधी मार्च 2020 पासूनच्या घरून कामाने प्रवासाचे तास वाचवले होते, पण दिवसाचा शेवट कुठे, हेही पुसून टाकले होते. कार्यालयात परत बोलावणे सुरू झाल्यावर, 2024 मध्ये, एका अतिशय मोठ्या कंपनीने तिमाही व्हेरिएबल, म्हणजे पगाराचा बदलता हिस्सा, थेट हजेरीला जोडले : 60 टक्क्यांहून कमी हजेरीला शून्य, 85 टक्क्यांच्या वर पूर्ण. तेव्हापासून तिथल्या ऑफर लेटरमधला व्हेरिएबलचा आकडा वाचताना घर ते कार्यालय हे अंतरही मोजावे लागते.