हरीण कुणाचं? पेनसिल्व्हेनियातल्या सरकारी रानांची पार्श्वभूमी

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात रायफलने हरीण मारायचा हंगाम उघडतो. 2018 पर्यंत तो सोमवारी उघडायचा आणि गावाकडच्या कित्येक शाळा त्या दिवशी सुट्टी देऊन टाकायच्या. झुंजूमुंजू व्हायच्या आत कच्च्या रस्त्यांच्या कडेला गाड्या लागतात, नारिंगी जाकिटं घातलेली माणसं टॉर्चच्या उजेडात चढणीला लागतात. त्यांतल्या पुष्कळांच्या नावावर गुंठाभर जमीन नसते. ज्या रानात ते शिरतात ते राज्याचं असतं, आणि हरीण मारेपर्यंत कुणाचंच नसतं. पहिल्या वर्षी लायसन्स काढणाऱ्याला ही रीत आपोआप मिळाल्यासारखी वाटते. तिच्यामागे किती झगडा आहे हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

इंग्लंडात हरीण राजाचं. 1066 नंतर नॉर्मन राजांनी मोठाली रानं स्वतःच्या शिकारीसाठी राखली. 1217 च्या वनसनदेने हरणापायी कुणाचा जीव घ्यायचा नाही, हातपाय तोडायचे नाहीत असं ठरवलं. तरी 1723 मध्ये तोंडाला काळं फासून हरीण चोरणाऱ्याला फाशी देणारा कायदा झालाच. तिथून निघून आलेल्या लोकांच्या मनात ही सल होती. म्हणूनच 1776 च्या पेनसिल्व्हेनियाच्या राज्यघटनेत एक कलम दिसतं: स्वतःच्या जमिनीवर, आणि कुंपण नसलेल्या इतर सगळ्या जमिनींवर, योग्य हंगामात रहिवाशांना शिकारीची मोकळीक राहील. यातली दुसरी बाजू लपवून चालणार नाही. ती ‘मोकळी’ जमीन लेनापे, शॉनी अशा लोकांची होती, आणि हरणाच्या वाटा, पाणवठे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यांना हुसकावूनच ती मोकळी झाली.

मोकळीक होती, लगाम नव्हता. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तशी शिकार हा धंदा झाला. मांस शहरांच्या बाजारात जायचं, कातडी वेगळी विकली जायची. त्याच सुमारास पाइन आणि हेमलॉकची रानं कापली जात होती. पाइन विल्यम्सपोर्टच्या लाकूड गिरण्यांकडे वाहत जायचा, हेमलॉकची साल कातडी कमावणाऱ्या कारखान्यांना लागायची. उत्तरेकडचे डोंगर इतके बोडके झाले की लोक त्या भागाला पेनसिल्व्हेनियाचं वाळवंट म्हणू लागले. वाळलेल्या फांद्यांना वणवे लागायचे आणि उरलंसुरलंही जायचं. 1900 च्या आसपास राज्यात हरीण दिसणं ही बातमी झाली होती.

1895 मध्ये राज्याने शिकारीच्या जनावरांची देखरेख करणारं गेम कमिशन नेमलं. 1900 साली केंद्राचा लेसी कायदा आला. एका राज्यात बेकायदा मारलेली शिकार दुसऱ्या राज्यात नेऊन विकायला त्याने बंदी केली. माझ्या मते सगळी कलाटणी इथेच आहे. शिकार राहिली, तिचा बाजार उठला. आजही तिथे जंगली हरणाचं मांस स्वतः खाता येतं, शेजाऱ्याला देता येतं, विकता येत नाही. आपल्याकडे वाट वेगळी निघाली. मुंबई राज्याने 1951 मध्ये वन्यप्राणी संरक्षणाचा कायदा केला, 1972 मध्ये देशभराचा कायदा आला, आणि त्यातही उरलेली परवान्याची शिकार 1991 च्या दुरुस्तीने संपली. सांबर-चितळाला हात लावायचा नाही, हे ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला पिट्सबर्गच्या सहकाऱ्याने फ्रीजमधून हरणाचं मांस काढून दिलं की तो चपापतो, ते यामुळे.

1906 मध्ये गेम कमिशनने मिशिगनहून 50 हरणं आणून सोडली. पुढच्याच वर्षी नियम झाला: फक्त शिंगं असलेला नर मारायचा. 1913 पासून रहिवाशांना शिकारीचं लायसन्स लागू लागलं, किंमत 1 डॉलर. हा डॉलर फार महत्त्वाचा, कारण त्यातूनच जमीन घेतली गेली. बोडके डोंगर लाकूडवाल्यांना नको होते, भाव पडलेले होते. 1920 मध्ये एल्क काउंटीत पहिला तुकडा खरेदी झाला आणि ‘स्टेट गेम लँड्स’, म्हणजे कमिशनच्या मालकीची शिकारीची रानं, सुरू झाल्या. आज त्या सुमारे 15 लाख एकर आहेत. राज्य वनखात्याची रानं, सुमारे 22 लाख एकर, वेगळी. त्यांची खरेदी 1898 पासून चालू होती. 1923 मध्ये केंद्राने अ‍ॅलेगेनी राष्ट्रीय वन उभं केलं, तेही अशाच तोडलेल्या जमिनीवर.

या काळातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. 1909 मध्ये राज्याने नागरिकत्व न घेतलेल्या परदेशी माणसाला जंगली जनावर मारायला आणि त्यासाठी बंदूक बाळगायलाच बंदी केली. रोख मुख्यतः खाणीत राबणाऱ्या इटालियन मजुरांवर होता. 1914 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलूनही धरला. ‘सगळ्यांचं हरीण’ म्हणताना ‘सगळे’ कोण, हे तेव्हा असं ठरत होतं. आज कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, पण वैध शिकार-लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे. एकेकाळी परक्याला अडवणाऱ्या राज्यात आता शिकारीचाच कागद त्याच्यासाठी दार उघडतो.

हरणं मग वाढली, नको तितकी वाढली. तोडलेल्या रानात कोवळी झाडोरी तोंडाला येईल अशा उंचीवर फुटली, वर मादी मारायला बंदी. हिवाळ्यात चारा संपून कळप उपाशी मरू लागले. 1928 मध्ये कमिशनने उलट केलं: नर बंद, मादी खुली. शिकारी खवळले. नर मारणं मर्दपणाचं आणि मादी मारणं पाप, ही समजूत वीस वर्षांत पक्की रुजली होती. तो वाद पुढेही धुमसत राहिला. 2002 मध्ये शिंगाला किमान किती टोकं हवीत याचा नियम आला, तेव्हा तो पुन्हा भडकला.

पैशाची घडी 1937 मध्ये नीट बसली. पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा केंद्रीय कर राज्यांच्या वन्यजीव कामाकडे वळवला. अट अशी: लायसन्सची रक्कम राज्याने दुसरीकडे खर्चायची नाही. नवख्याने काडतुसांची पेटी घेतली की त्यातला वाटा तिकडे जातो.

नारिंगी जाकीट त्यामानाने अलीकडचं. हरीण समजून माणसालाच गोळी लागायची, म्हणून 1960 च्या दशकात हा झगझगीत रंग पुढे आला. हरणाच्या डोळ्याला नारिंगी-तांबडा वेगळा उठून दिसत नाही, माणसाला लांबूनही दिसतो. पेनसिल्व्हेनियात रायफलच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान 250 चौरस इंच नारिंगी लागतं. सुरक्षेचा वर्ग तरुणांना सक्तीचा करण्यात न्यूयॉर्क पहिलं, 1949 मध्ये.

आणि टॅग, म्हणजे लायसन्सबरोबर मिळणारी चिठ्ठी. हरीण पडलं की ते हलवायच्या आधी, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी, खिशातलं बॉलपेन काढून टॅगवर तारीख, वेळ, काउंटी, टाउनशिप भरायची आणि तो टॅग कानाला बांधायचा. मग दहा दिवसांत कमिशनला कळवायचं. पुढच्या हंगामात कुठल्या भागात माद्यांचे किती परवाने द्यायचे, ते ठरवताना हे आकडे लागतात.